मसल कार घेताना: नावाआधी इंजिन बघा, इंजिनाआधी मालक

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे नाशिकचे, आता ओहायोत कोलंबसजवळ राहतात, आयटीत नोकरी करतात. व्ही-८ इंजिनाची (दोन रांगांत मिळून आठ सिलिंडर) मसल कार घ्यायची खूप वर्षांची इच्छा आहे. बजेट २५ हजार डॉलर, गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची. तीन सेकंड हँड गाड्या हेरून ठेवल्या आहेत: २०१६ ची फोर्ड मस्टँग जीटी, रनिंग ६२ हजार मैल, २०१३ ची शेव्हरोले कॅमारो एसएस, ४८ हजार मैल, आणि २०१७ ची डॉज चॅलेंजर आर/टी, ७१ हजार मैल. तिन्ही ऑटोमॅटिक. पत्नीचं म्हणणं, अमेरिकन गाडी टिकत नाही, सरळ टोयोटाची कॅम्री घ्या. शिवाय दोन जोडप्रश्न आहेत: पुढे कधी १९६८ ची जुनी मस्टँग घ्यावी का, आणि भारतात परतलो तर गाडी नेता येईल का.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात इंजिनं उघडायला-बांधायला शिकलो आणि गेली १९ वर्षं इथे ओहायोतच गॅरेजमध्ये काम करतो. या तिन्ही कंपन्यांच्या व्ही-८ गाड्या माझ्या लिफ्टवर कायम असतात, त्यामुळे हाताखालून गेलेलंच सांगतो.

आधी वहिनींचं म्हणणं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. दहा वर्षं बॉनेट न उघडता, फक्त पेट्रोल आणि ऑइल घालून गाडी चालवायची असेल तर कॅम्रीच घ्या. तिथे कुठलीच व्ही-८ तिच्या जवळपास येत नाही. पण ‘अमेरिकन गाडी टिकत नाही’ हे मात्र खरं नाही. मसल कार हा प्रकारच मुळात साध्या घरगुती गाडीत मोठं इंजिन बसवून जन्माला आला. १९६४ मध्ये पाँटियॅकने मधल्या आकाराच्या टेंपेस्टमध्ये ३८९ घन इंचांचं इंजिन टाकून जीटीओ काढली, तेव्हापासून ही रीत आहे. आजही चॅलेंजरमधलं ५.७ लिटरचं हेमी इंजिन रॅमच्या पिकअप ट्रकमध्ये आहे. मस्टँगचं ५ लिटरचं इंजिन थोड्या फरकाने एफ-१५० ट्रकमध्ये आहे. कॅमारोचं इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातली इंजिनं सिल्व्हराडोत आहेत. शेतावर, बांधकामावर, ट्रेलर ओढत दोन-दोन लाख मैल जाणारी ही इंजिनं. सुटे भाग गावोगावी मिळतात, आणि प्रत्येकाची दुखणी कोणती ते आमच्यासारख्यांना तोंडपाठ असतं. हा फायदा युरोपियन स्पोर्ट्स कारला नाही.

तरीही याच गाड्या तरुण वयात भंगारात जाताना दिसतात. त्याचं कारण कारखान्यात कमी आणि मालकाच्या उजव्या पायात जास्त असतं. म्हणून ‘मस्टँग टिकते की कॅमारो’ असं नावावरून विचारू नका. कोणतं इंजिन, त्याला कोणता गिअरबॉक्स, आणि आजवर चालवली कोणी, एवढं विचारा. एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांतही इंजिन वेगळं असू शकतं. तुमच्या यादीतली कॅमारो त्याचं उत्तम उदाहरण आहे.

२०१३ च्या कॅमारो एसएसमध्ये मॅन्युअल गिअर असेल तर एलएस३ इंजिन येतं, ४२६ हॉर्सपॉवरचं. ऑटोमॅटिक असेल तर एल९९ येतं, ४०० हॉर्सपॉवरचं. दोन्ही ६.२ लिटरची, वरून बघितलं तर सारखीच. पण एल९९ मध्ये पेट्रोल वाचवण्यासाठी चार सिलिंडर बंद करण्याची सोय आहे आणि एलएस३ मध्ये ती नाही. तुमच्या चॅलेंजरमध्येही तशीच सोय आहे. मस्टँगमध्ये नाही. तुमच्या तीन गाड्यांतला सगळ्यात महत्त्वाचा फरक माझ्या मते हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हेमी (चॅलेंजरचं) आणि एलएस घराण्यातल्या (कॅमारोच्या) इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, खाली, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधोमध असतो. त्याच्या उंचवट्यावर एक छोटा रोलर फिरतो. तो रोलर ज्याच्या पायाशी असतो तो लिफ्टर, आपल्याकडचे मिस्त्री ज्याला टॅपेट म्हणतात तो. कॅमचा उंचवटा आला की लिफ्टर वर जातो, तो दांडा ढकलतो, व्हॉल्व्ह उघडतो. हायवेवर गाडी आरामात चालली असताना कॉम्प्युटर ऑइलच्या दाबाने १, ४, ६ आणि ७ या सिलिंडरांच्या लिफ्टरमधली खीळ आत सरकवतो. मग लिफ्टर जागच्या जागी दबतो, दांडा हलत नाही, व्हॉल्व्ह बंद राहतात. योजना हुशारीची आहे, पण त्या लिफ्टरमध्ये बारीक भाग वाढतात आणि सगळं ऑइलवर अवलंबून राहतं. ऑइल वेळेवर बदललं नाही, पातळी खाली गेली, गाडी तासन्‌तास जागेवर चालू ठेवली की रोलरच्या आतल्या सुईएवढ्या बेअरिंग झिजतात. रोलर अडकतो. अडकलेला रोलर फिरत नाही, घासतो, आणि दर फेरीला कॅमचा उंचवटा खरवडून काढतो. हेमीत तर सिलिंडर बंद होण्याची सोय नसलेल्या जागांचे लिफ्टरही गेलेले मी पाहिले आहेत. म्हणजे दोष एका सोयीचाच आहे असंही नाही.

दुरुस्ती महाग का, तर या दोन्ही इंजिनांत लिफ्टर काढायला हेड (सिलिंडरांवरचे, व्हॉल्व्ह असलेले भाग) उतरवावी लागतात, आणि कॅम बदलायचा तर पुढची सगळी बाजू उघडावी लागते. आमच्याकडे या कामाचं बिल चार ते सहा हजार डॉलरच्या घरात जातं.

तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा ८४ हजार मैल झालेली हेमी चॅलेंजर घेऊन आला. घेऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. ‘बारीक टिकटिक येते, विकणारा म्हणाला हेमीला असा आवाज असतोच,’ असं त्याचं म्हणणं. विकणारा त्याला घरी भेटला नव्हता. पेट्रोल पंपावर भेटला होता, गाडी चालवत आला होता, इंजिन गरम होतं. मी ऑइल फिल्टर काढला, कापला, आतला कागद उलगडून कपड्यासारखा पसरला आणि बॅटरी मारली. घड्यांमध्ये चंदेरी चुरा होता, देवळातल्या बुक्क्यासारखा बारीक. चुंबक फिरवला तर त्यातला बराचसा उचलला गेला, म्हणजे पोलादच. हेड उतरवल्यावर एका लिफ्टरचा रोलर एका बाजूने सपाट झालेला निघाला, त्यावर नख अडकेल एवढी खाच होती. समोरचा कॅमचा उंचवटा बाकीच्यांच्या निम्माच उरला होता. मुलगा शेजारीच उभा होता. त्याने तो रोलर हातात घेऊन बराच वेळ फिरवायचा प्रयत्न केला, तो फिरेना. साडेपाच हजारांचं काम निघालं आणि त्याच्याकडे दोन हजार होते. गाडी आमच्या मागच्या आवारात चार महिने पडून होती.

ते पाच आठवडे आणि साडेपाच हजार एका सकाळच्या दहा मिनिटांत वाचले असते. म्हणून तुमच्या तिन्ही गाड्या बघायला जाताना आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर नम्रपणे सांगा, उद्या सकाळी येतो. थंड असेल तर बॉनेट उघडून मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि मग चावी फिरवायला सांगा. पहिले दहा सेकंद फार बोलतात.

हेमीचा आवाज ओळखायची खूण अशी. थंड असताना टिकटिक येते आणि इंजिन गरम झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गायब होते, तर बहुतेक वेळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा) बोल्ट तुटलेला असतो. धातू तापून पसरला की फट बंद होते आणि आवाज थांबतो. हेमीत हे बोल्ट तुटणं नेहमीचं आहे. त्रासदायक आहे, पण इंजिनाला धोका नाही. या कारणासाठी किंमत पाडून मागा आणि गाडी घ्या. गरम झाल्यावरही टिकटिक राहिली, इंजिनाच्या वेगाच्या निम्म्या तालात, थोडी जास्तच ठळक झाली, तर तिथून निघा. उद्यमनगरात उस्ताद लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून नेमकं कुठलं सिलिंडर वाजतंय ते सांगायचे. आता दहा-पंधरा डॉलरला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळतो, तो घ्या. फक्त पट्टा आणि पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवा.

कॅमारोच्या एल९९ लाही हीच परीक्षा. ४८ हजार मैल हे रनिंग त्या इंजिनाला काहीच नाही, पण १२-१३ वर्षांत ४८ हजार म्हणजे वर्षाला चार हजारांच्या आतच. अशा गाडीचं ऑइल मैलांवर न मोजता महिन्यांवर मोजून बदललं होतं का, ते विचारा. ‘पाच हजार मैल झाले नाहीत म्हणून दोन वर्षं बदललं नाही’ असं उत्तर मला बरेचदा ऐकू येतं, आणि असंच ऑइल लिफ्टरला मारतं. सिलिंडर बंद होण्याची सोय थांबवणारं एक छोटं उपकरण ओबीडी सॉकेटमध्ये (स्टिअरिंगखाली, गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायची जागा) लावता येतं, एल९९ चे बरेच मालक लावतात. चांगल्या लिफ्टरसाठी मी त्याच्या बाजूने आहे. झिजलेल्या लिफ्टरला त्याचा काही उपयोग होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता मस्टँग. २०११ पासून मस्टँग जीटीत जे ५ लिटरचं इंजिन येतं त्याला सगळे कायोटी म्हणतात. तुमच्या २०१६ च्या गाडीत त्याची दुसरी आवृत्ती आहे, ४३५ हॉर्सपॉवरची. कॅमशाफ्ट चार, तेही वर हेडमध्ये, म्हणजे वर सांगितलेला लिफ्टरचा रोग इथे नाही. पेट्रोल इनटेकच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या, वाटेने फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात, काजळी धरत नाहीत. २०१६ पासूनच्या कॅमारोत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे काजळीचा प्रश्न येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ६आर८० हा सहा गिअरचा, समजूतदार आणि दणकट. २०१८ पासून मस्टँगला दहा गिअरचा ऑटोमॅटिक आला, त्याच्या झटक्यांच्या आणि आतल्या बुश सरकण्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत. मॅन्युअलचा एमटी८२ गिअरबॉक्सही थंडीत दुसऱ्या गिअरला कुरकुरतो, अशी तक्रार २०११ पासून चालत आली आहे. म्हणजे तुम्ही निवडलेलं २०१६ आणि ऑटोमॅटिक हे जुळणं मस्टँगच्या बाबतीत फार चांगलं पडलं आहे.

त्याआधीच्या मस्टँगकडे स्वस्त म्हणून वळू नका. २००५ ते २०१० च्या ४.६ लिटर इंजिनात सुरुवातीच्या वर्षांचे स्पार्क प्लग दोन तुकड्यांचे होते. काढायला गेलं की खालचा तुकडा हेडमध्येच अडकून राहायचा. अर्ध्या तासाचं प्लगचं काम दिवसभराचं होऊन बसतं.

चॅलेंजरच्या बाजूने बोलायचं तर तिचा आठ गिअरचा झेडएफचा ऑटोमॅटिक तिन्हींत सगळ्यात उत्तम आहे. त्याचं ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेलं असतं असं सांगितलं जातं, पण झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदलायला सांगते. ७१ हजार मैल म्हणजे १ लाख १४ हजार किलोमीटर झाले. बदललं नसेल तर ते काम तुमच्या खात्यात धरा. प्लगही लक्षात घ्या: हेमीत प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण १६. मागच्या सीटवर दोन मोठी माणसं नीट बसतात, डिकी मोठी आहे, लांबच्या प्रवासाला तिच्याइतकी आरामदायी दुसरी नाही. वजन मात्र ४ हजार पौंडांच्या वर, त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणि ब्रेक लवकर झिजतात. खड्ड्यावरून जाताना पुढून धप्प आवाज आला तर बुश गेले समजा. ती दुरुस्ती फार मोठी नाही.

आता मालक. ही गोष्ट कुठल्याच कागदावर येत नाही आणि गाडी टिकेल की नाही ते सगळ्यात जास्त तिच्यावर ठरतं.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका २०१२ ची मस्टँग जीटी घेऊन येतात. १ लाख ६४ हजार मैल झाले आहेत. समोरच्या कप्प्यात एक वही असते: तारीख, रनिंग, कोणतं ऑइल, किती भरलं. आजवर एक वॉटर पंप आणि एक अल्टरनेटर एवढंच बदललंय. गेल्या वर्षी त्यांच्याच सांगण्यावरून कॉम्प्रेशन मोजलं, तर आठही सिलिंडरांतला फरक पाच टक्क्यांच्या आत. मी त्यांना विचारलं, गाडी कधी दामटता का? म्हणाल्या, दर रविवारी, पण पहिले पाच-सहा मैल कधीच नाही. इंजिन गरम होऊन ऑइल पातळ झाल्याशिवाय त्या पाय दाबत नाहीत. व्ही-८ दामटण्यासाठीच बनवलेली आहे, ती जोरात चालवल्याने मरत नाही. थंड ऑइलवर दामटली, कमी ऑइलवर दामटली, की मरते.

दुसरा प्रकार म्हणजे ट्यून केलेली गाडी. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवायची, विकताना परत मूळ फाइल टाकायची. अशा गाडीने जे सोसलं ते सोसलेलंच राहतं. खुणा शोधा. एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू पुन्हा पुन्हा उघडल्यासारखे घासलेले आहेत का. वायरिंगवर प्लॅस्टिकचे पट्टे आणि काळी चिकटपट्टी आहे का. पुढचे टायर मूळचे आणि मागचे कोरे करकरीत आहेत का. टायरच्या बाजूला डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. चारही टायरचे वाचा. मागच्या चाकांच्या कमानीत, बंपरच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. रबराचे वितळलेले कण चिकटलेले असतील तर ही गाडी जागेवर टायर जाळण्यासाठी वापरली आहे.

कोलंबसमध्ये ही काळजी जास्तच घ्यायला हवी. ओहायोत गाडीच्या धुराची सक्तीची तपासणी फक्त क्लीव्हलंड आणि अ‍ॅक्रॉनच्या बाजूच्या सात काउंट्यांत आहे. तुमच्या भागात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) काढून नुसता पाइप लावला तरी कोणी विचारत नाही. खाली वाकून बघा, एक्झॉस्टवर ताजं वेल्डिंग दिसलं तर कारण विचारा.

२५-३० डॉलरचा ओबीडी रीडर जवळ ठेवा. बिघाडाचा कोड आहे का ते तर बघाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण झाले आहेत का ते बघा. कोणी आदल्या रात्री कोड पुसून चेक इंजिनचा दिवा घालवला असेल तर हे मॉनिटर अपूर्ण दिसतात, ते भरायला काही दिवस गाडी चालवावी लागते. विकणारा म्हणेल की बॅटरी बदलली. बदलली असेलही. मग आठवडाभराने परत येऊन बघा, सगळे पूर्ण झाले आणि दिवा लागला नाही तर व्यवहार करा.

मीठ विसरू नका. आपल्याकडे समुद्रकाठची गाडी जशी खालून सडते, तशी इथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने सडते. फ्लोरिडा-टेक्ससची गाडी असेल तर गंज कमी, पण तिथून आलेल्या गाडीचं टायटल (मालकीचा कागद) दोनदा वाचा. हार्वी आणि इयन या वादळांनंतर पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून उत्तरेकडे आल्या आहेत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि शेवटच्या हातभरावर गाळाची रेघ आहे का बघा. सीट सगळे धुतात, बेल्टचं शेवटचं टोक कोणी धूत नाही. मस्टँगचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्याच्या पुढच्या कडेला रंगाखाली फोड आले असतील तर ती झीज पसरत जाते, दुरुस्त केली तरी परत येते.

रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं) तपासायला नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या संकेतस्थळावर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाका, फुकट आहे. तुमच्या कॅमारोसाठी हे हमखास करा. २०१० ते २०१४ च्या कॅमारोंना २०१४ मध्ये रिकॉल आला होता: चालकाचा गुडघा चावीला लागून इंजिन चालत्या गाडीत बंद पडू शकत होतं. चावी बदलून देणं एवढाच उपाय होता. जुनी दुमडणारी चावी अजून तशीच असेल तर काम झालेलं नाही. २०१४ पर्यंतच्या मस्टँग आणि चॅलेंजरवर टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल आहे. तुमच्या दोन्ही त्यानंतरच्या आहेत, पण दुसरी कुठली जुनी गाडी बघितलीत तर एअरबॅग बदलल्याशिवाय ती घरापर्यंतसुद्धा चालवू नका. त्याने माणसं मेली आहेत.

एवढं सगळं जमलं की स्वतंत्र गॅरेजमध्ये दीड-दोनशे डॉलर देऊन लिफ्टवर तपासणी करून घ्या. विकणाऱ्याने नकार दिला तर गाडी सोडा. विकणारा तयार असेल तर ऑइलचा नमुना काढून इंडियानात फोर्ट वेन इथल्या ब्लॅकस्टोन प्रयोगशाळेला पाठवा. लोह, तांबं, शिसं किती आहे ते कागदावर येतं. ऑइल कालच बदललेलं असेल तर मात्र त्या आकड्यांना अर्थ नाही, म्हणून शेवटचं कधी बदललं ते आधी विचारा.

तुमच्या तीन गाड्यांचा माझा क्रम असा. थंड इंजिनाच्या परीक्षेत पास झाली, मूळ अवस्थेत असली, तर २०१६ ची मस्टँग घ्या, दुसरा विचार नको. दुसऱ्या जागी चॅलेंजर, पण इंजिन गप्प हवं आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या हातात हव्यात. पावत्या नसतील तर नको. कॅमारो तिसरी, कारण ४८ हजार मैलांचा आकडा बघून विकणारा जास्त पैसे मागणार आणि आत इंजिन एल९९ आहे. त्याच वर्षाची मॅन्युअल कॅमारो, एलएस३ इंजिनाची, मिळाली आणि तुम्हाला क्लच चालवायचा कंटाळा नसेल, तर मात्र ती पहिल्या जागी. ६० हजारांच्या जागी ९० हजार मैल झालेली असली तरी चालेल. गेल्या १९ वर्षांत मी जेवढी एलएस३ इंजिनं बघितली, त्यांत हात न लावलेलं, मूळ अवस्थेतलं इंजिन स्वतःहून बसलेलं एकही नव्हतं.

२५ हजार सगळे गाडीत घालू नका. २१ हजारांपर्यंत व्यवहार करा आणि चार हजार बाजूला ठेवा. मागचे दोन टायर पाच-सहाशे डॉलरला येतात आणि जोरात चालवली तर २० हजार मैलही पुरत नाहीत. हिवाळी टायरचा वेगळा संच लागेलच. मागच्या चाकांवर ताकद असलेली गाडी जानेवारीत उन्हाळी टायरवर चालवायची नसते. विम्याचा भाव गाडी घेण्याआधी विचारा. या गाड्या चोरांच्याही आवडत्या आहेत आणि विमा कंपन्यांना ते माहीत आहे.

१९६८ च्या मस्टँगचा हिशोब सगळा वेगळा. तिथे इंजिनाची चिंता सगळ्यात शेवटी. इंजिन साधं आहे, भाग अजून नवे बनतात, कोणीही बांधून देईल. पैसा खातो तो पत्रा. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे हवेच्या जाळ्या असतात. त्यांत बाटलीभर पाणी ओता आणि आत वाकून पाय ठेवायच्या जागेवर हात फिरवा. ओल लागली तर जाळीखालचा पत्रा सडला आहे. तो बदलायला गाडीचा पुढचा भाग सुटा करावा लागतो. ओडोमीटर पाच आकडीच आहे, ९९,९९९ नंतर परत शून्यावर येतो, त्यामुळे ‘फक्त ४० हजार मैल’ याला काहीच अर्थ नाही. आणि ती रोजच्या वापराला नको. एक चालती गाडी दारात असताना दुसरी म्हणून घ्या.

भारतात नेण्याचा विचार सोडून द्या. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली लागते. तुमच्या तिन्ही दोन्ही अटींत बसत नाहीत. फोर्डने २०१६ मध्ये उजव्या स्टिअरिंगची व्ही-८ मस्टँग भारतात अधिकृतपणे विकायला आणली होती, परतल्यावर तिथल्या बाजारात तीच शोधा. इथली इथेच विका.

गाडी घेतलीत की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, मागच्या डिफरन्शियलचं ऑइल आणि कूलंट बदलून घ्या. जुना फिल्टर फेकू नका. कापून कागद पसरा, उजेडात फोटो काढा आणि थंड इंजिन चालू करतानाच्या रेकॉर्डिंगबरोबर इथे टाका. काळं दिसलं तर काळजी नाही, चमकलं तर लगेच बोलू.